थंड धुरांड्यावरची घार

फोटो खोटा आहे म्हणे! माझा फोटो. नायगावच्या बी.डी.डी. चाळीच्या गच्चीवर उभं राहून, माझ्या या बोटानं बटण दाबून काढलेला घारीचा फोटो खोटा आहे, असं गिरगावातल्या छायारसिक मंडळानं टाइप केलेल्या पत्रातून कळवलं होतं. शामराव ते पत्र त्यांच्या स्टुडिओत मला वाचून दाखवत होते. सत्तावन्न सालचा डिसेंबर, शुक्रवार. मी पहिली पाळी संपवून गिरणीतून सरळ हिंदमाता थिएटरपाशी आले होते. केसांत कापूस तसाच होता.

"पुन्हा वाचा," मी म्हटलं.

शामराव भिडस्त माणूस. हिंदमाताच्या मागच्या गल्लीत त्यांचा स्टुडिओ, लग्नाचे नि पासपोर्टचे फोटो काढायचे. मोठ्यानं बोललं तरी गिऱ्हाइकाला राग येईल अशी धास्ती त्यांना कायम. त्यांनी चष्मा वर सरकवला नि पुन्हा वाचलं.

"'स्पर्धक श्रीमती ब. ज. गमरे यांच्या छायाचित्रातील गिरणीच्या धुरांड्यातून धूर येताना दिसत नाही. परळ-नायगावच्या आकाशात हे संभवत नाही. तसेच निगेटिव्हवर धुरांड्याच्या वरच्या भागात पेन्सिलीने काम केल्याच्या खुणा आहेत. सबब छायाचित्र बनावट असल्याचे परीक्षकांचे मत असून ते प्रदर्शनातून वगळण्यात येत आहे. रविवारी उद्घाटनाच्या वेळी तसे जाहीर करण्यात येईल.'"

जाहीर करणार! चार शहाण्यासुरत्या लोकांत उभं राहून माझं नाव घेणार नि सांगणार, या बाईनं लबाडी केली. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"पेन्सिलीनं काम कुणी केलं?"

शामरावांनी मान खाली घातली. "मी."

"तुम्ही?"

"सवय हो, गमरेबाई. नवरीच्या गालावर देवीचे वण असतात, ते निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून बुजवायचे. वीस वर्षं तेच करतोय. तुमचा रोल दोन वर्षं ट्रंकेत पडलेला, आभाळात सगळे ठिपके आले होते. ठिपका दिसला की हात आपोआप जातो. मला वाटलं, प्रदर्शनाला द्यायचाय तर जरा स्वच्छ करू."

"माझ्या आभाळाला काय देवी आल्या होत्या?"

त्यांनी खिशातली पेन्सिल काढून खणात टाकली. मलाही मग वाईट वाटलं, कारण प्रदर्शनाला फोटो पाठवा म्हणून मागं लागलेला माणूस हाच, नि अर्जावर शिफारस म्हणून सही केलेली तीही यांनीच. पण राग काही उतरेना. "त्या रोलचे बाकीचे सात कुठं आहेत?" मी विचारलं. पाकिटात होते. रोलवर आठ फोटो येतात, मंडळाकडं एकच निगेटिव्ह कापून पाठवली होती. "त्या सातांचे आहेत तसे कागदावर ठसे काढा. आणि पेन्सिलीला हात लावलात तर बघा. उद्या आपण गिरगावात जाणार."

"अहो, तिथं मोठी माणसं..."

"असू देत मोठी. आपण काय रांगत जाणार आहोत?"

आता हा नाद मला लागला कुठून ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, गिरणीतली बाई नि हातात कॅमेरा, हे काय भलतंच. माझे वडील, गणपत, पलटणीत होते. लढाई संपवून आले तेव्हा बाकीच्यांनी घड्याळं आणली, ब्लँकेटं आणली. यांनी कुणा गोऱ्या शिपायाकडून सिगारेटींच्या बदल्यात घडीचा कॅमेरा आणला. झाकण उघडलं की काळा भाता बाहेर यायचा. भात्याला भोक होतं, ते सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यानं बुजवलेलं. बाबांनी त्यातून आयुष्यभर माणसांचे फोटो काढले, पलटणीतल्यासारखे ताठ उभे करून. ते गेले नि कॅमेरा माझ्याकडं आला. मला ताठ उभी माणसं नको होती. मला उडणारी घार हवी होती.

का म्हणून विचारू नका. गिरणीत आठ तास मान खाली. बाहेर पडलं की पहिल्यांदा वर बघायचं, नि वर बघितलं की नायगाव-परळात घारीच. बघता बघता वेड लागलं, आणखी काय.

पण उडत्या घारीचा फोटो काढणं म्हणजे चेष्टा नाही. माझ्या कॅमेऱ्याचा सगळ्यात जलद वेग सेकंदाचा शंभरावा भाग. तेवढ्यात घार चौकट सोडून जाते, मागं राहतो एक काळा फराटा. पहिले पाच-सहा रोल नुसते फराटेच निघाले. मग एकदा वाइंडिंग खात्यात कामावर असतानाच मला उमगलं. आमच्या खात्यात सगळ्या बायकाच. बॉबिनीवरून सूत पळत असतं, तुटलं की त्याचं टोक पकडून गाठ मारायची. नवीन बाई हात एका जागी धरते नि टोक निसटतं. जुनी बाई हात सुताबरोबर पळवते, नि पळता पळताच धरते. घारीलाही तसंच धरायचं. कंबरेपासून तिच्याबरोबर वळायचं, नि वळणं न थांबवता बटण दाबायचं. त्या दिवसापासून माझ्या फोटोत पंख दिसायला लागले.

तरी एक अडचण राहिलीच. घारी खाली येतच नव्हत्या. धुरांड्यातून गरम वारा वर जातो, त्यावर त्या पंख न हलवता चढतात नि तिथंच गरगरत बसतात. फोटोत मोहरीएवढ्या. वरून धूर, आभाळाचा रंग कायम मळक्या धोतरासारखा. सुंदराबाय, आमच्या शेजारची, साठी उलटलेली, जिभेला हाड नाही. मी गच्चीवर निघाले की दारातून ओरडायची, "काय गो बकुळे, चाललीस घारीशी लगीन लावायला?"

"तुमचं लागलं तेव्हा मी बोलले का काही?" मी म्हणायची, नि जिना चढायची.

मग तो दिवस आला. एकवीस नोव्हेंबर, पंचावन्न. मुंबई आमची, महाराष्ट्राची, ती तोडून देणार नाही म्हणून हरताळ. आदल्या पाळीपासूनच गिरण्या बंद. सकाळी भोंगा झाला नाही, नि भोंग्याशिवाय चाळ जागी झाली, हेच मुळी नवल. माणसं फोर्टाकडं मोर्च्यानं निघाली. आमचे हे, म्हणजे जयवंत, (नाव घ्यायला मी लाजत नाही) तेही निघाले. गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवतात, डावखुरे, शांत माणूस. मला म्हणाले, "चल."

"तुम्ही व्हा पुढं," मी म्हटलं. "पोळ्या झाकून येते. नाक्यावर गाठते तुम्हाला."

आणि मी पोळ्या झाकल्या. खरंच येणार होते. पण वाळत घातलेली साडी काढायला म्हणून गच्चीवर गेले नि वर बघितलं. दीक्षा घेतल्यापासून देवाशपथ म्हणायची सोय नाही, पण खरं सांगते, असं आभाळ मी मुंबईत कधी बघितलं नव्हतं. निळं. चहूकडं निळं. सहाच्या सहा धुरांडी थंड उभी, एकाच्याही तोंडाला धूर नाही. आणि गरम वारा नाही म्हणून घारी खाली! गच्चीच्या कठड्याला लागून, पंख मारत, चिडलेल्या, माझ्या डोक्यावरून जात होत्या. मी धावत खाली आले, कॅमेरा घेतला, नि धावत वर गेले. मोर्च्याचं नाव डोक्यातून साफ गेलं. हे मी लपवत नाही.

पहिली घार रस्त्यावरच्या माणसांवरून झेपावत आली. मी वळले, ती सुटली, हात थबकला नि बटण दाबलं गेलं. एक फोटो वाया. मग दुसरा, तिसरा. कुणाचा पंख कापला, कुणाची नुसती शेपटी. सहाव्या वेळी एक मोठी घार समोरून वाऱ्यावर आली नि त्या वाऱ्यातच अडकल्यागत जागच्या जागी थांबली. दोन्ही पंख खाली दाबलेले, पिसं न् पिसं उघडी, नजर माझ्यावर. मागं धुरांडं. मला वळायची गरजच पडली नाही. मी दाबलं. तेव्हाच मला कळलं होतं की हा आला.

संध्याकाळी कळलं, फोर्टात गोळीबार झाला. माणसं गेली. चाळीतल्या बायका नाक्यावर जाऊन उभ्या राहिल्या. जयवंत दिवेलागणीला आले. सदरा फाटलेला, कोपर लाठीनं नारळाएवढं सुजलेलं. मी हळद तापवायला घेतली.

"तू कुठं होतीस?" त्यांनी विचारलं. "मी नाक्यापर्यंत मागं वळून वळून बघत होतो."

खोटं बोलता आलं असतं. पोट दुखत होतं म्हणायचं, आणखी काहीबाही. "गच्चीवर," मी म्हटलं. "घारीचे फोटो काढत होते."

त्यांनी कोपर पुढं केलं, मी हळद लावली, नि ते एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी नळावर सुंदराबायनं सगळ्यांच्या देखत सुनावलं, "आमची मान्सं लाठ्या खात व्हती नि ही बाय घारी मोजीत व्हती." मला, बकुळा गमरेला, त्या दिवशी उलट उत्तर सुचलं नाही. रोल काढून ट्रंकेत तळाला टाकला. कॅमेराही त्यावर. दोन वर्षं हात लावला नाही.

मधल्या काळात बरंच झालं. चाळीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, निवडणुका झाल्या, मोर्चे झाले. पुढच्या एकेका मोर्च्यात मी सगळ्यांच्या पुढं होते, घसा फाटेपर्यंत घोषणा दिल्या. पण तो एक दिवस जयवंतांच्या नि माझ्यामध्ये तसाच बसून होता. त्यांनी तो काढला नाही, मीही नाही.

यंदा ऑक्टोबरात घर आवरताना ट्रंक उघडली गेली. रोल जयवंतांना दिसला. मला न सांगता ते शामरावांकडं देऊन आले. का दिलात म्हणून मी भांडले, तर म्हणाले, "बघू तरी, एवढं माझ्यापेक्षा भारी काय होतं त्यात." दोन वर्षांत त्या दिवसाबद्दल बोललेलं हे पहिलं वाक्य.

शामरावांनी घारीचा तो एक फोटो मोठा करून दिला. मी घरी आणला, तर दारात सुंदराबायनंच हातातून ओढून घेतला. आता काय ऐकवते म्हणून मी कंबर कसून उभी. ती बघतच राहिली. घारीकडं नाही, मागच्या धुरांड्याकडं.

"गो बाय," ती म्हणाली, "धूर न्हाय!"

व्हरांड्यातली माणसं गोळा झाली. एकानं बघितलं, दुसऱ्यानं बघितलं. कुणी काही विचारलं नाही. जन्म त्या धुराखाली काढलेली माणसं ती, त्यांना तारीख सांगावी लागली नाही. "त्या दिवसाचा," एक जण हळूच म्हणाला. सुंदराबायनं पदरानं फोटो पुसला नि माझ्या हातात दिला. म्हणून तो फोटो मी प्रदर्शनाला दिला. घार छान आली म्हणून नुसता दिला नाही. आणि आता ते म्हणतात, असा दिवस झालाच नाही.

शनिवारी दुपारी मी नि शामराव गिरगावात पोचलो. जयवंतांची पाळी होती. मंडळाची जागा एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, मोठा हॉल. भिंतीवर फोटो टांगणं चाललेलं: मोर, मंदिराचे कळस, मुलाला झोपवणारी आई. एका बाजूला संयुक्त महाराष्ट्राचा मोठा नकाशा, त्यात मुंबई लाल शाईनं रंगवलेली. मंडळाचे अध्यक्ष हेमचंद्र वागळे टेबलाशी बसले होते. निवृत्त प्राध्यापक, पांढरा कोट, हातात भिंग. उठून उभे राहिले, खुर्ची दिली, पाणी मागवलं. माणूस सभ्य, हे नाकारणार नाही.

"हा फोटो आपल्या यजमानांनी काढलेला का?" त्यांनी विचारलं.

"मी काढलेला."

"असं का. गमरे... गमरे म्हणजे?"

"म्हणजे बौद्ध. पुढं विचारा."

शामरावांनी घाबरून माझ्याकडं बघितलं. हेमचंद्ररावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "गैरसमज नको, बाई. प्रश्न तंत्राचा आहे. घार उत्तम आहे, अप्रतिम आहे. पण इतक्या खाली, इतक्या स्वच्छ आभाळात, नि मागं धुरांडं, ज्याला धूर नाही! मी तीस वर्षं फोटो काढतोय. परळचं धुरांडं धुराशिवाय मी कधी पाहिलेलं नाही."

"किती वेळा पाहिलंत?"

"म्हणजे... ट्रामनं जाता-येता."

"मी रोज बघते. भोंग्याला उठते नि बघते. आणि पेन्सिल मारली ती या शामरावांनी. आभाळातले ठिपके बुजवले. लग्नाचे फोटो काढतात, सवय आहे."

शामराव उभे राहिले, घसा खाकरला. "चूक माझी आहे," ते म्हणाले, आणि मी त्यांना इतक्या मोठ्यानं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. "धूर मी पुसलेला नाही. धूर नव्हताच."

"पण कसा नसेल?" हेमचंद्रराव म्हणाले. "धुरांड्याला धूर नाही असं होईलच कसं?"

"पंचावन्नच्या एकवीस नोव्हेंबरला तुम्ही कुठं होतात?" मी विचारलं.

ते ताठ झाले. आवाज बदलला. "फोर्टात. मोर्च्यात होतो मी, बाई. अश्रुधूर खाल्लाय."

"माणसं किती होती?"

"किती म्हणजे? लाखो! नजर पोचेल तिथवर."

"मग ती लाखो माणसं आली कुठून? गिरण्या चालू ठेवून आली होती?"

हॉलमध्ये खिळे ठोकणं थांबलं होतं. हेमचंद्ररावांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या फोटोकडं.  मी पिशवीतून सात ठसे काढले नि त्यांच्यापुढं ओळीनं मांडले. "हे त्याच रोलचे. यांना पेन्सिल लागलेली नाही. घार एकातही धड नाही, ती बघू नका. धुरांडी बघा."

त्यांनी भिंग लावलं. एक ठसा, दुसरा, तिसरा. कुठं दोन धुरांडी, कुठं चार, सगळी थंड. ते ओठांतल्या ओठांत मोजत होते. शेवटी त्यांनी पहिला फोटो उचलला, तो वाया गेलेला. त्यात घार नव्हतीच. नुसता रस्ता नि मोर्च्याला निघालेली माणसं.

"सगळ्यांच्या पाठी आहेत," ते भिंगातून बघत म्हणाले. "हा एकच मागं वळलेला दिसतो. डोळ्यांवर डावा हात धरून वर बघतोय. कोण हा?"

मी भिंग त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावलं. तांदळाच्या दाण्याएवढा चेहरा. पण तो डावा हात मी कुठंही ओळखला असता. काल संध्याकाळपासून ठसे माझ्याकडं होते नि मी फक्त धुरांडी तपासली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि नेमकं तिथं, त्या लोकांपुढं आलं म्हणून मला स्वतःचाच संताप आला.

"माझा नवरा," मी म्हटलं.

हेमचंद्ररावांनी तो ठसा जपून बाकीच्यांच्या ओळीत ठेवला. मग म्हणाले, "मी चुकलो. फोटो उद्या लागेल. माझ्या मते पहिल्या क्रमांकाचा आहे."

"त्याखाली तारीख लिहा."

"म्हणजे?"

"'घार' एवढंच नको. 'एकवीस नोव्हेंबर एकोणीसशे पंचावन्न' लिहा."

त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "हे बघा, मी स्वतः समितीचा माणूस आहे. नकाशा पाहिलात ना? पण उद्या उद्घाटनाला सरकारी पाहुणे आहेत. हॉलची परवानगी आहे, मंडळाची वर्षाची मेहनत आहे. कलेच्या ठिकाणी वाद नको. तारीख नसली म्हणून फोटोचं काय बिघडतं? घार ती घारच."

"तुमचं काही बिघडत नाही. पण कालपर्यंत तारीख नव्हती म्हणूनच खोटा ठरला ना? उद्या भिंतीवर बघून आणखी कुणीतरी म्हणेल, धूर कुठाय? मग त्याला कोण सांगणार? तुम्ही तर सरकारी पाहुण्यांना चहा देत असाल."

"बाई, पहिला क्रमांक आहे!"

"ठेवा तुमच्याकडं."

मी फोटो उचलला, निगेटिव्ह मागून घेतली, ठसे गोळा केले. शामराव दरवाज्याशी जाऊन उभे राहिलेही होते. मग मला पत्राची आठवण झाली. मी ते टेबलावर पालथं ठेवलं नि त्यांचीच दौत पुढं सरकवली. "फोटो बनावट आहे असं तुम्ही पुढून लिहिलंत. मागून लिहा, फोटो खरा आहे. आणि सही करा."

सगळे बघत होते. हेमचंद्ररावांनी लेखणी उचलली. 'फोटो खरा आहे' असं लिहिलं, सही केली, नि क्षणभर थांबून सहीखाली, मी न सांगता, 'फोटो घेतल्याची तारीख' म्हणून एकवीस नोव्हेंबर पंचावन्न घातली. वर बघितलं नाही. मीही आभार मानले नाहीत.

रविवारी त्यांच्या उद्घाटनाच्या वेळेला आमचं प्रदर्शन सुरू झालं. आमच्या मजल्याच्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत गिरणीचं सूत ताणलं, नि कपड्यांच्या चिमट्यांनी आठही फोटो टांगले. शामरावांनी सगळे मोठे करून आणले होते, कापलेल्या पंखांसकट, ठिपक्यांसकट. नवव्या चिमट्याला ते पत्र, मागची बाजू पुढं करून. सगळ्यांच्या वर पुठ्ठ्यावर तारीख, हातभर मोठी. सुंदराबाय जिन्याशी खुर्ची टाकून बसली नि येणाऱ्याला दम द्यायला लागली, "बोटं लावू नका. लायनीत या." शेजारच्या चाळींतून माणसं आली. फोटोपुढं उभी राहायची, धुरांडी मोजायची, नि आपण त्या दिवशी कुठं होतो ते एकमेकांना सांगायची. उन्हं उतरताना पांढरा कोट घातलेले एक गृहस्थ तीन जिने चढून धापा टाकत आले. सुंदराबायनं त्यांनाही लायनीत उभं केलं, नि ते मुकाट्यानं राहिले.

जयवंत युनियनच्या बैठकीला गेले होते, ते सगळ्यांत उशिरा आले. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. ते एकेक फोटो बघत येत होते नि मी दारात उभी होते. पहिल्या फोटोपाशी थांबले. वाकून बघितलं, आणखी वाकले. मग सरळ झाले नि माझ्याकडं वळले.

"म्हणजे तू बघत होतीस," ते म्हणाले.  "दोन वर्षं मला वाटत होतं... तू बघत होतीस माझ्याकडं."

 हो म्हणायला काय लागतं? एक अक्षर. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "मी घारीकडं बघत होते. ती निसटली नि बोट दाबलं गेलं. तुम्ही त्यात चुकून आलात."

सुंदराबायनं कपाळावर हात मारला. "गो, हो म्हन की एकदा! काय जातंय तुजं?"

"खोटं का म्हणू?" मी म्हटलं. "या फोटोला खोटा म्हणाले म्हणून काल गिरगावात भांडून आले. आज इथं उभी राहून मीच खोटं सांगू?" आणि मग रडूच कोसळलं. "यायला हवं होतं मी. नाक्यावर गाठते म्हटलं नि आले नाही. चुकलं माझं. पण बघत होते असं नाही म्हणणार."

जयवंतांनी फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांचं कोपर अजून पुरतं सरळ होत नाही. ते चार पावलं मागं गेले, व्हरांड्याच्या पार टोकाला, जिन्यापाशी. तिथं पाठ करून उभे राहिले नि वळले. डावा हात उचलून डोळ्यांवर धरला, त्या दिवशीसारखा.

"मग आता बघ," ते म्हणाले.

कॅमेऱ्यात रोल नव्हता. मी नुसतं बघत राहिले.